मुलांच्या हातातला फोन: गावात सिनेमाची कार्यशाळा कशी घ्यावी

मी आणि माझे दोन मित्र सिनेमा शिकून नुकतेच बाहेर पडलोय. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या एखाद्या गावात जातो आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पाचवी ते सातवीच्या मुलांबरोबर आठवडाभरात एक छोटा सिनेमा करतो. गोष्ट मुलांची, कॅमेरा मुलांचा, एडिटही त्यांचंच, आणि शेवटच्या संध्याकाळी सगळ्या गावासमोर खेळ. आमच्यासारखेच बरेच जण हल्ली विचारतात की हे जमवायचं कसं. म्हणून सगळं एका जागी लिहून काढतेय.

आधी एक नियम, कारण बाकीचं त्यातूनच ठरतं. शूटिंग चालू असताना मोठ्यांनी फोनला हात लावायचा नाही. फ्रेम वाकडी दिसली, कुणाचं डोकं कापलं गेलं, बोट लेन्सवर आलं, तरी नाही. शॉट संपल्यावर मुलांनी तो बघायचा आणि आपण एवढंच विचारायचं, “तुम्हाला जे दाखवायचं होतं ते दिसलं का?” नाही म्हणाले तर दुसरा टेक, हो म्हणाले तर पुढचा शॉट. हे पाळणं अवघड जातं. आपण काही वर्षं फ्रेम नीट कशी धरायची हेच शिकलेलो असतो, त्यामुळे हात आपोआप पुढे जातो. म्हणून आम्ही शूटिंगच्या वेळी खरोखर हात पाठीमागे बांधून उभे राहतो. मुलांनाही ते दिसतं, आणि निर्णय आपल्याला घ्यायचाय हे त्यांना न सांगता कळतं.

गावात जाण्याआधी

वेळ निवडताना गावाचं वेळापत्रक बघा. आमच्याकडे भाऊबीज उरकली की मुलं मोकळी असतात, मामाच्या गावाहून परत आलेली असतात आणि शाळा उघडायला अजून अवकाश असतो. यात्रा, उरूस, लग्नाची मोठी तारीख असलेला आठवडा टाळा. रोजची वेळ ठरवताना दुधाची वेळ विचारा. सकाळ-संध्याकाळ डेअरीत दूध घालायचं काम बऱ्याच घरांत मुलांकडे असतं. सकाळी सातला बोलावलंत तर निम्मी मुलं कॅन घेऊन रांगेत असतील. साडेआठ ते साडेबारा ही वेळ आम्हाला जमते. दुपारी सुट्टी, आणि उजेड हवा असेल तर चारनंतर दोन तास.

परवानगी मुख्याध्यापकांची लागतेच, पण तेवढ्यावर थांबू नका. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. त्यांच्यासमोर पंधरा मिनिटं बोला. ग्रामपंचायतीत जाऊन सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) भेटा. आणि तालमीत किंवा तरुण मंडळात जरूर जा, कारण स्पीकर, वायर, ताडपत्री, मांडव आणि गर्दी आवरणारे दहा हात त्यांच्याकडेच असतात. नाश्त्याचं काम बचत गटाच्या बायकांना पैसे देऊन सोपवा. पोहे गरम मिळतात आणि आईलोकांना शाळेत काय चाललंय ते रोज दिसतं. आमच्या कार्यशाळेबद्दलचे बरेचसे गैरसमज त्या चुलीपाशीच मिटलेत.

पालकांचं संमतिपत्र मराठीत, एका पानाचं आणि मोठ्या अक्षरात असावं. त्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: मूल कार्यशाळेत येईल का, ते सिनेमात दिसलं तर चालेल का, आणि सिनेमा इंटरनेटवर टाकला तर चालेल का. तिन्हींसाठी एकच सही घेऊ नका. पहिल्या दोन्हींना हो म्हणणारी आई तिसऱ्याला नाही म्हणू शकते, आणि तो तिचा हक्क आहे. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या सगळ्यांना बालक धरलंय आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायला सांगितलंय. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. इंटरनेटवर टाकायची घाई करू नका. गावात दाखवायला केलेला सिनेमा गावात दाखवला गेला की त्याचं काम झालं. मुलालाही वेगळं विचारा. ज्याला कॅमेऱ्यासमोर यायचं नाही त्याला आवाजाचं काम द्या. पुष्कळदा तोच सगळ्यात चांगला आवाज घेतो.

कुठल्याही मुलाबरोबर एकट्या मोठ्या माणसाने थांबायचं नाही, नेहमी दोघं. बोलता बोलता एखादं मूल घरातलं काही गंभीर सांगून जातं. ते रेकॉर्ड होत असेल तर कॅमेरा बंद करायला सांगा, शांतपणे ऐका, इतर मुलांत चर्चा करू नका आणि 1098 या चाइल्ड हेल्पलाइनवर बोला. असलं फुटेज सिनेमात वापरायचा विचारही मनात आणू नका.

गावाच्या कडेची मुलं

दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बऱ्याचशा बीडकडून. गावाबाहेर रानात त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. त्यांची मुलं गावच्या शाळेत असतातच असं नाही. कार्यशाळेची दवंडी शाळेतच दिलीत तर ती त्यांच्यापर्यंत पोचत नाही. टोळीच्या मुकादमाला भेटून, कोप्यांवर जाऊन सांगावं लागतं, तेही संध्याकाळी. कारण आईबाप पहाटे अंधारात फडावर गेलेले असतात आणि दहा-अकरा वर्षांची मुलगी दिवसभर धाकट्या भावंडाला सांभाळत असते. ती येणार तर कडेवरच्या भावासकट येणार, हे आधीच धरून चाला. आम्ही वर्गाच्या कोपऱ्यात सतरंजी टाकतो, खडू आणि पाट्या ठेवतो, आणि आमच्यातला एक जण आळीपाळीने तिथे बसतो. त्याशिवाय ती मुलगी हातात फोन धरू शकत नाही.

गावातल्या मुलांना पहिल्याच दिवशी वाटतं की कोप्यांचं शूटिंग करावं, काहीतरी वेगळं दिसेल. त्यासाठी आमचा नियम असा: दुसऱ्याच्या घराचं शूटिंग करायचं नाही. ज्याचं घर त्याच्या हातात फोन असेल तरच घर दिसेल. हा नियम गावातल्या वाड्याला आणि कोपीला सारखाच लागू. त्यामुळे एका गावात झालं असं की कोपीतल्या मुलीने स्वतःची कोपी दाखवलीच नाही. तिने बैलांच्या शिंगांना लावलेले गोंडे दाखवले, एकेक करून, आणि प्रत्येक बैलाचं नाव सांगितलं. तिला दाखवण्यासारखं जे वाटलं ते तिने दाखवलं.

सामान

पंधरा मुलं, तीन फोन, पाच-पाचांचे तीन गट आणि तीन मोठी माणसं. पंधराच्या वर जाऊ नका. कितीही जण दारात उभे राहिले तरी नाही. गट मोठा झाला की दोघं काम करतात आणि बाकीचे बघत बसतात.

महागडा कॅमेरा नेऊ नका. मुलांच्या घरात आहे तसलाच फोन हवा, म्हणजे आपण गेल्यावरही त्यांना काम करता येईल. फोन फ्लाइट मोडवर टाका, सगळ्या फोनवर 1080 पी आणि सेकंदाला 25 फ्रेम अशी एकच सेटिंग ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे वर्गातल्या ट्यूबलाइटखाली 30 फ्रेमवर चित्र कधी कधी लपलपतं. ज्या फोनमध्ये 25 नसतं त्यात हाताने सेटिंग बदलता येणारं कॅमेरा अॅप टाकून शटर 1/50 वर ठेवा. एका मिनिटाला साधारण 130 एमबी जागा लागते असं धरा आणि रोज दुपारी फुटेज लॅपटॉपवर व एका वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. दोन्हीकडे उतरल्याची खात्री झाल्याशिवाय फोनमधून काही पुसू नका.

आवाजासाठी वायरचा साधा कॉलर माइक पुरतो. तो बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असला की झालं. पैसे थोडेच असतील तर ते ट्रायपॉडपेक्षा माइकवर खर्च करा. हललेलं चित्र लोक बघतात, पण न ऐकू येणाऱ्या बोलण्यावर गाव पाच मिनिटांत उठून जातं. याशिवाय पॉवर बँका, लांब एक्स्टेंशन बोर्ड, लेन्स पुसायला मऊ सुती कापड, रबर बँड, पुठ्ठा, मार्कर आणि भरपूर पाठकोरे कागद.

पहिला दिवस फोनशिवाय

फोन पहिल्या दिवशी दुपारपर्यंत बाहेर काढू नका. सकाळी प्रत्येकाने पुठ्ठ्यात 16 सेंटिमीटर लांब आणि 9 सेंटिमीटर उंच अशी खिडकी कापायची. एक डोळा मिटून त्यातून शाळेचं आवार बघायचं. पुठ्ठा डोळ्याजवळ आणला तर सगळं मैदान दिसतं, हात लांब केला तर नुसता नळ. लाँग शॉट आणि क्लोजअप मुलांना एवढ्यात कळतात, फळ्यावर व्याख्या लिहायची गरज पडत नाही. मग जोडीने: एकाने पुठ्ठा धरायचा, दुसऱ्याने त्यातून बघून सांगायचं की काय आत आहे आणि काय बाहेर राहिलं. बाहेर काय राहिलं हा प्रश्न पुढे आठवडाभर उपयोगी पडतो.

त्यानंतर आवाज. डोळे मिटून पाच मिनिटं बसायचं आणि ऐकू आलेलं सगळं लिहायचं. पहिल्यांदा “काय बी न्हाई” असं उत्तर येतं. मग हळूहळू कागद भरतात: गिरणी, ट्रॅक्टरचं गाणं, कोंबडा, शेजारच्याचा श्वास, पोह्यांची फोडणी.

दुपारी फोन द्यायचा आणि एकच काम: एका जागी ठेवून, न हलवता, 50 सेकंदांचा एक शॉट. इथे मी मुलांना अगदी सुरुवातीला सिनेमे करणाऱ्या फ्रान्सच्या ल्यूमिए बंधूंची गोष्ट सांगते. त्यांच्या रिळात साधारण 50 सेकंदच मावायचे. 7 जुलै 1896 ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांचे असलेच छोटे तुकडे दाखवले गेले आणि लोक तिकीट काढून बघायला आले. आपणही आज तेवढंच करायचं. गटाने जागा निवडायची, उभं राहून आधी पुठ्ठ्यातून बघायचं, काय घडेल याचा अंदाज करायचा आणि मगच बटण दाबायचं. एका गटाने शाळेच्या फाटकासमोर फोन ठेवला होता. 40 सेकंद काहीच घडलं नाही आणि मग एक म्हस कॅमेऱ्याजवळ येऊन सगळी चौकट भरून उभी राहिली. मुलं ओरडली नाहीत, जागची हलली नाहीत. त्यांना कळलं होतं की वाट बघितली की काहीतरी येतं. एवढं शिकले तर पहिला दिवस सत्कारणी लागला.

आमच्या भागात मुलांना आणखी एक सांगते. शंभरएक वर्षांपूर्वी बाबुराव पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कोल्हापुरात स्वतःच्या हाताने सिनेमाचा कॅमेरा तयार केला. प्रभात ही सिनेमा कंपनी 1929 साली कोल्हापुरातच सुरू झाली आणि 1933 मध्ये पुण्याला गेली. सिनेमा म्हणजे मुंबईत कुठेतरी होणारी गोष्ट असं मुलांना वाटत असतं. ते या दोन वाक्यांत बरंच सैल होतं. तुमच्या भागातलं असं काही शोधा. नाशिककडे असाल तर त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब फाळके आहेतच.

फाळक्यांचीच एक युक्ती आम्ही दुसऱ्या दिवशी वापरतो. पहिल्या मोठ्या सिनेमासाठी पैसे उभे करताना त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि रोज थोडं थोडं चित्रण करून, रोप काही क्षणांत वाढताना दाखवलं. दिवाळीत आमच्याकडे दारोदार मुलांनी मातीचे किल्ले केलेले असतात. ते अजून मोडलेले नसतात. मावळे, शेतकरी, वाघ सगळे तयार. एकेक मावळा बोटभर सरकवायचा, फोटो काढायचा. सेकंदाला 12 फोटो, म्हणजे दहा सेकंदांचा गड चढायला 120 फोटो. फोन विटांमध्ये घट्ट बसवायचा आणि सावली फिरायच्या आत संपवायचं. सिनेमा म्हणजे सुटी चित्रं आहेत हे मुलांच्या हाताला कळतं, आणि सगळ्यात चुळबुळी मुलं तासभर गप्प राहून काम करतात.

गोष्ट कुठून आणायची

“तुम्हाला कशावर सिनेमा करायचाय?” असं कधीच विचारू नका. दोनच उत्तरं येतात. एक म्हणजे टीव्हीवरचं: पोलीस, चोर, भूत. दुसरं म्हणजे मोठ्यांना खूश करणारं: झाडे लावा, स्वच्छता राखा, मोबाइलचे दुष्परिणाम. दुसरं मला जास्त खटकतं, कारण ते मुलांच्या मनातलं नसतं, भाषणातून आलेलं असतं.

आम्ही विचारतो, “या गावातलं असं काय आहे, जे तुला माहीत आहे आणि मला माहीत नाही?” मग फळा पुरत नाही. कुठल्या विहिरीत कासव आहे, कुणाच्या परड्यात घोरपड येते, कुठल्या आजीला शंभर ओव्या येतात, बंद पडलेल्या बसथांब्यात कोण झोपतं, गुऱ्हाळावर पहिला गरम गूळ कुणाला मिळतो. सगळं लिहून घ्या. त्यातलं जे जाऊन बघता येईल त्यावर खूण करा. भूतही चालेल, पण ते नेमकं कुठल्या चिंचेवर आहे आणि कुणाला दिसलं ते सांगता आलं पाहिजे.

निवड करताना हात वर करून मतदान नको. बळकट मुलांचा विषय निवडून येतो आणि उरलेल्यांचा उत्साह जातो. आम्ही तीन गटांना तीन गोष्टी निवडू देतो आणि मग सगळ्यांनी बसून त्यांना जोडणारा एक धागा काढायचा. एका गावात तो धागा म्हणजे एक सायकल होती. ती तिन्ही गोष्टींतून जात होती, आणि ती कल्पना सगळ्यात कमी बोलणाऱ्या मुलाची होती.

मग प्रत्येक गटाने कागदाची घडी घालून सहा चौकोन करायचे आणि त्यात चित्रं काढायची. काडीची माणसं चालतात. प्रत्येक चौकोनाखाली दोन ओळी: काय दिसतं, काय ऐकू येतं. संवाद लिहायला लावू नका. लिहिलेले संवाद मुलं पाठांतरासारखे म्हणतात. काय घडतंय ते ठरवा आणि बोलणं त्यांच्यावर सोडा. भाषा त्यांचीच राहू द्या. “आमाला ठावं हाय” असं म्हणणाऱ्या मुलाला “आम्हाला माहीत आहे” म्हणायला लावणारं कुणीतरी मोठं माणूस शूटिंगच्या वेळी हमखास हजर असतं. त्यांना नम्रपणे बाजूला घ्या. बीडच्या मुलीची बोली वेगळी असते, तीही तशीच राहू द्या.

कामं फिरती ठेवा

गटात पाच कामं: दिग्दर्शन, कॅमेरा, आवाज, क्लॅप (शॉटच्या सुरुवातीला दाखवायची पाटी) आणि शॉट नोंदवायची वही, आणि कॅमेऱ्यासमोर बोलणारा किंवा प्रश्न विचारणारा. दर प्रसंगाला कामं फिरली पाहिजेत. हे तोंडी सोडलंत तर दुसऱ्या दिवसापासून फोन मुलांकडे आणि वही मुलींकडे जाते, “तिचं अक्षर चांगलंय” या कारणाने. म्हणून फळ्यावर तक्ता करा आणि तोच अंतिम. दिग्दर्शक झालेल्या मुलाने किंवा मुलीने म्हणायची वाक्यं ठरलेली असावीत: सगळे तयार? आवाज? कॅमेरा? अॅक्शन. कट. गटात कुणीही लाजरं असलं तरी ही वाक्यं म्हणता म्हणता आवाज चढतो. कट झाल्याशिवाय कुणी हलायचं नाही, आणि आपणसुद्धा हलायचं नाही.

गर्दी होणारच. बघे आवरायला तरुण मंडळाच्या दोघांना काम द्या. गिरणीवाल्याला आणि ट्रॅक्टरवाल्याला पाच मिनिटं थांबायची विनंती मुलांनाच करायला पाठवा. मोठी माणसं आपलं ऐकणार नाहीत, पण सहावीतली मुलगी वही घेऊन येऊन “काका, टेक हाय” म्हणाली की थांबतात.

गुऱ्हाळावर

हा भाग मी सविस्तर लिहितेय, कारण मुलाखत कशी घ्यायची हे आमच्या मुलांना इथे कळलं.

गुऱ्हाळ मुलांना फार प्रिय, आणि तितकंच धोक्याचं. काहिलीतला, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईतला, पाक शेवटी शेवटी 115 अंशांच्या वर जातो, चरकाचा पट्टा उघडा असतो. आदल्या दिवशी मोठ्यांनी जाऊन बघून यायचं, चुन्याने रेघ मारायची आणि त्या रेघेच्या आत कुणी जाणार नाही हे मुलांकडून आणि गुऱ्हाळवाल्याकडून दोन्हीकडून कबूल करून घ्यायचं. काहील गूळ निवायच्या वाफ्यात ओतताना मुलांनी आणखी दहा पावलं मागे. चरकाजवळचे शॉट मोठ्यांनीही घ्यायचे नाहीत. ते सिनेमात नसले तरी चालतात. वाफेने लेन्सवर धुकं धरतं. फोन आधी पाच मिनिटं तिथल्या उबेत ठेवला की ते कमी होतं, आणि सुती कापड क्लॅपवाल्याच्या खिशात असावं.

एका गटातल्या मुलीने गुळव्याला, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराला, विचारायचे प्रश्न लिहून आणले होते. “तुमचं नाव काय? तुम्ही किती वर्षं हे काम करता? गुळाचे फायदे सांगा.” गुळवे काका ताठ उभे राहून, शाळेत उत्तर द्यावं तसं एकेक वाक्य बोलत होते. कट झाल्यावर मुलांनी शॉट बघितला. नेहमीचा प्रश्न मी विचारला. तिने मान हलवली. “काका दुसरंच कुणीतरी वाटत्यात.”

“तुला त्यांच्याबद्दल खरंच काय जाणून घ्यायचंय?” असं विचारल्यावर ती म्हणाली, “गूळ झाला हे त्येनला कसं कळतं? घड्याळ तर न्हाई.” मग तिने वही बाजूला ठेवली आणि एवढंच विचारलं, “काका, झालाय का अजून?” काकांनी उत्तर दिलं नाही. पळीभर पाक घेतला, पाण्याच्या भांड्यात सोडला, बोटांनी गोळी वळली, ती भांड्याच्या काठावर टक्‌ करून आपटली, मान हलवली आणि चुलीत जळण घालणाऱ्या जळव्याला हाताने खूण केली. चुलवाणात चिपाडं टाकायची थांबली. कॅमेरा धरणारा मुलगा आधी चेहऱ्यावर होता, मग हळूच हातावर आला. कुणी सांगितलं नव्हतं.

त्या रात्री आम्ही हेच फळ्यावर लिहिलं: ज्याचं उत्तर हाताने देता येईल असा प्रश्न विचारायचा. दुसऱ्या दिवशी बाकीच्या गटांनी त्यांचे प्रश्न बदलले. आजीला “ओव्यांचं महत्त्व” विचारायचं सोडून जात्यावर बसवलं आणि दोन मुठी ज्वारी पुढे ठेवली.

कागदावरचं एडिट

एका लॅपटॉपभोवती पंधरा मुलं बसू शकत नाहीत. मागची दहा भिंतीवर रेघोट्या ओढतात. आम्ही आधी कागदावर एडिट करतो. वहीवाल्यांनी नोंदवलेल्या प्रत्येक चांगल्या शॉटची एक चिठ्ठी: काय आहे, किती सेकंद, जमल्यास छोटं चित्र. सगळ्या चिठ्ठ्या वर्गाच्या फरशीवर मांडायच्या आणि मुलांनी भोवती बसून त्या सरकवायच्या. चिठ्ठी उचलून टाकायची असेल तर कारण सांगायचं. ठेवायची असेल तरी कारण सांगायचं. दोन तास लागतात, भांडणं होतात, होऊ द्या. सिनेमा सहा मिनिटांच्या वर जाऊ द्यायचा नाही एवढी एकच अट आपली.

मग दोघादोघांनी आळीपाळीने लॅपटॉपवर बसून त्या क्रमाने शॉट लावायचे. एडिटच्या सॉफ्टवेअरपैकी शॉटकट किंवा दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरेशी आहे. फोनवरच करायचं तर व्हीएन किंवा काइनमास्टर. माउस मुलांच्या हातात. इथेही आपले हात पाठीमागेच. एका सिनेमात बैलाचा एक अंधुक, हललेला शॉट होता. माझ्या हातात असतं तर तो राहिला नसता. मुलांचं कारण असं की सबंध सिनेमात फक्त त्याच शॉटमध्ये बैल आपल्याकडे बघतो. खरंच होतं ते. तो राहिला.

सिनेमातली गाणी वापरायची नाहीत. ती दुसऱ्याची आहेत, आणि ती आली की मुलांचा सिनेमा त्या गाण्याच्या ओझ्याखाली जातो. हलगी, घागर, लेझीम, मुलांचे स्वतःचे गळे यातून संगीत करा. आजीची ओवी घेतली असेल तर ती कुठे वापरली ते तिला ऐकवा आणि श्रेयनामावलीत तिचं नाव द्या. श्रेयनामावली मुलांनी स्वतःच्या अक्षरात कागदावर लिहायची आणि तिचाच शॉट घ्यायचा.

खेळ

पडद्यापेक्षा शाळेची पांढरी रंगवलेली भिंत बरी, वाऱ्याने हलत नाही. भिंत नसेल तर दोन चादरी शिवून, खाली विटा बांधून ताणा. नोव्हेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, सातला पुरेसा अंधार होतो. आदल्या संध्याकाळी त्याच जागी, त्याच वेळी तालीम घ्या. तेव्हाच लक्षात येतं की खांबावरचा दिवा थेट भिंतीवर पडतोय. तो बंद करणारा माणूस कोण हे ग्रामपंचायतीत विचारून ठेवा. मंडळाचे मोठे स्पीकर वापरताना आवाज कमी ठेवा. ते बोलण्यासाठी नसतात, मिरवणुकीसाठी असतात. दोन पेट्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना, माणसांच्या कानाच्या उंचीवर. लाइट जाण्याची तयारी म्हणून जनरेटरची चौकशी आधीच करा.

मुलं पुढे ताडपत्रीवर, म्हातारी माणसं खुर्च्यांवर. आमच्या भागातल्या साठीपुढच्या लोकांनी यात्रेतला तंबूतला सिनेमा पाहिलेला असतो. त्यांना आधी दोन मिनिटं बोलू द्या, माइक द्या. सिनेमा एकदा दाखवून थांबू नका, दोनदा दाखवा. पहिल्यांदा लोक स्वतःला आणि स्वतःच्या म्हशींना शोधतात, दुसऱ्यांदा सिनेमा बघतात. त्यानंतर मुलांनी पुढे येऊन प्रश्नांना उत्तरं द्यायची. पाहुण्यांची भाषणं, हारतुरे, पहिला-दुसरा नंबर काही नको. सरपंचांना बोलायचं असेल तर त्यांनी मुलांना एक प्रश्न विचारावा, अशी आधीच विनंती करा. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

कोप्यांवर वेगळा खेळ करा. दमून आलेली माणसं रात्री गावात येत नाहीत. प्रोजेक्टर आणि एक चादर घेऊन तुम्हीच जा, आणि लवकर जा, कारण पहाटे त्यांना पुन्हा फडावर जायचं असतं.

नंतरची कामं

प्रत्येक मुलाला सिनेमाची प्रत मिळालीच पाहिजे, आणि तीही लगेच. व्हॉट्सॲपवर जाईल अशी एक छोटी फाइल आणि शाळेसाठी पेनड्राइव्हवर पूर्ण प्रत. टोळीतल्या मुलांची प्रत मेमरी कार्डात घालून हातात द्या. हंगाम संपला की ती कुठल्या गावाला जातील ते आधी सांगता येत नाही आणि फोन नंबर बदलतात. मुकादमाचा नंबर पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

न वापरलेलं फुटेज वर्षानुवर्षं साठवू नका. ते कधी पुसणार ती तारीख संमतिपत्रावरच लिहा आणि त्या तारखेला पुसा. महिन्या-दोन महिन्यांनी परत एकदा गावात जा, सामानाशिवाय. कुणाच्या घरी काही बोलणं झालं का, कुणी चिडवलं का, हे तेव्हाच कळतं, आणि एखाद्या पालकाचं मन बदललं असेल तर तो शॉट काढून नवी प्रत देता येते.

शक्य असेल तर एक ट्रायपॉड, एक माइक आणि पुठ्ठ्याच्या चौकटी शाळेत ठेवून या. मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवलंत तर ते कुलपात राहील. सातवीतल्या दोघांना त्याची जबाबदारी द्या, नेण्या-आणण्याची वही करून द्या, आणि पुढच्या वर्षी पाचवीच्या मुलांचा पहिला दिवस त्या दोघांनाच घ्यायला सांगा.